भिंगरीची परीक्षा

गावात पाण्याची चोरी होते हे सगळ्यांना माहीत होतं. ती कोण करतं हेही माहीत होतं, कारण बहुतेक सगळेच करायचे. पाटाचं पाणी वारावर, म्हणजे पाळीपाळीने मिळे. ज्याचा वार असेल त्याने आपलं शेत भिजवावं आणि वार संपला की पाटावरचं आपलं दार लावून पाणी खालच्या शेताला सोडावं, असा नियम होता. दार लावायला माणूस निघायचाही. पण वाटेत त्याची चप्पल तुटायची, पोटात कळ यायची, नाहीतर कोणी तरी बोलायला भेटायचं. तेवढ्यात आणखी दोन वाफे भिजून व्हायचे. याला गावात कोणी चोरी म्हणत नसे. याला 'दार लावायला उशीर होणं' म्हणत. असा उशीर होत होत शेवटच्या शेतापाशी पाणी पोचायचं तेव्हा त्याचा नुसता वास उरलेला असायचा.

शेवटचं शेत आत्याचं होतं. ती खरं म्हणजे एकट्या भिंगरीची आत्या. पण भिंगरी तिच्या नावाने गावभर हाका मारत फिरे, त्यामुळे तिच्याहून मोठी माणसंही तिला आत्याच म्हणू लागली होती. भिंगरी पंधरा वर्षांची. हे नाव तिला मास्तरांनी पहिलीत असतानाच दिलं, कारण ती बाकावर बसलेली त्यांना कधी दिसली नाही. पुढे ती शाळेतही दिसेनाशी झाली. मग ती पुलापाशी मोटारसायकल लावून बसणाऱ्या पोरांबरोबर दिसू लागली. ही पोरं विहिरींवरच्या मोटारी खोलून आतली तांब्याची तार काढायची आणि विकायची. आदल्या वर्षी त्यांच्यातले दोघं सापडले तेव्हा बॅटरी धरायला भिंगरी होती. तिला दम देऊन सोडलं. पोरं मात्र म्हणाली की पोरीचा हात पान्ह्यावर चांगला बसतो, पुढच्या वेळी बॅटरी दुसरं कोणी धरेल.

त्या वर्षी पाऊस अर्ध्यावर थांबला आणि पाटालाही अर्धंच पाणी आलं. आत्याच्या कांद्याची पात शेंड्याकडून पिवळी पडत चालली. आत्या ओढ्यातल्या डबक्यातून डबे भरून खांद्यावरच्या काठीने आणायची आणि वाफ्यात ओतायची. जमीन ते पाणी असं पिऊन टाकायची की ओतलं कुठे ते पुढच्या खेपेला शोधावं लागे. एका संध्याकाळी भिंगरी तिच्या खांद्याला तेल चोळायला बसली. काठी बसून बसून तिथलं कातडं सोलवटलं होतं. भिंगरीने तेलाची वाटी खाली ठेवली. ती काहीच बोलली नाही याचीच आत्याला धास्ती वाटली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गाव जेवून आडवं झालं असताना, भिंगरी पाटाच्या मुखाशी गेली. तिथल्या मोठ्या दाराचं हँडल पाट सांभाळणारा पाटकरी उशाखाली घेऊन झोपायचा. भिंगरीने हँडलवाचून, नुसत्या पान्ह्याने दार वर चढवलं. चढवताना सोपं गेलं. उतरवताना ते अडकून बसलं. पाणी मोठ्या उत्साहाने निघालं, आत्याच्या शेताकडे जायचं वळण त्याने ओलांडलं, पाटाचा काठ फोडला आणि ते पाणी गावच्या सहकारी संस्थेच्या गोदामात शिरलं. खताची पोती विरघळली. चेअरमनसाठी खास ठराव करून आणलेली फिरती खुर्ची तरंगत दारापर्यंत आली आणि तिथे आडवी अडकली. लोक पळत आले तेव्हा भिंगरी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून पाटाच्या दारावर दगडाने घाव घालत होती. पळून जायचं तिला सुचलं नव्हतं.

चेअरमनने रागाच्या भरात तक्रार केली. त्यांना खरं तर चार शिव्या देऊन मोकळं व्हायचं होतं, पण खुर्ची सगळ्यांसमोर तरंगली होती. तक्रार गेली तशी जुनी तांब्याची भानगडही वर आली, आणि प्रकरण कोर्टात जाऊन उभं राहिलं.

कोर्टात आत्या गेली, भिंगरी गेली आणि साक्षीला पाटकरी गेला. न्यायाधीश शांत माणूस होता. त्याने सांगितलं की मुलीला शहरातल्या सुधारगृहात पाठवता येईल. 'सुधारगृह' हा शब्द ऐकल्यावर आत्याला पुढचं काही ऐकू आलं नाही. तिने भिंगरीचं मनगट जे धरलं ते परतीच्या गाडीत बसेपर्यंत सोडलं नाही. पुढचं सगळं पाटकऱ्याने ऐकलं आणि गावात येऊन सांगितलं. कोर्ट म्हणतंय की गावाची तयारी असेल तर पोरीला गावातच ठेवा, तिच्यावर लक्ष ठेवा, तिला कामाला लावा. हंगाम संपत आला की एक बाई येतील. त्या बघतील आणि ठरवतील.

"काय बघतील?" चेअरमनने विचारलं.

"परीक्षा आहे," पाटकरी म्हणाला. "बाईंच्या हुद्द्यातच परीक्षा आहे. मी नीट ऐकलंय."

सभा गोदामातच भरली होती. तिथे अजून ओलसर खताचा वास मारत होता, त्यामुळे लोक नाकाला रुमाल लावून गंभीरपणे बसले होते. परीक्षा म्हटल्यावर मास्तर ताठ झाले. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. पास झाली तर पोरगी गावात, नापास झाली तर सुधारगृहात, असा त्यांनी खुलासा केला आणि तयारीची जबाबदारी स्वतःकडे घेतली. कोर्टाचा कागद त्यांनी मागितला नाही. परीक्षा म्हटल्यावर आणखी काही वाचायची गरज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

अडचण आली ती लक्ष कोणी ठेवायचं यावर. प्रत्येकाला ते काम दुसऱ्याला छान जमेल असं वाटत होतं. शेवटी चक्कीवाल्या काकूंनी तोड काढली. पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून त्या म्हणाल्या की पाण्याला वार लावलेत, तसेच पोरीलाही लावा. ज्याच्या घरी पाणी, त्याच्या घरी भिंगरी. वार संपला की दोघांनाही पुढे सोडा.

गावाला हे फार आवडलं. नवीन काही करायचं नव्हतं. फक्त पाण्यामागे पोरगी चालायची होती. चेअरमनने समारोपाला सांगितलं की पोर मोठ्यांचं बघून शिकतं, तेव्हा ज्याच्या घरी ती असेल त्याने तिच्यासमोर वावगं वागू नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. आपण काय कबूल करून बसलो हे त्या घडीला कोणाच्याच लक्षात आलं नाही.

पहिला वार चेअरमनचाच होता. भिंगरी उजाडताच फावडं घेऊन हजर झाली. पाण्याला दारं धरणं म्हणजे वाफ्याचं तोंड फोडायचं, पाणी भरलं की मातीने ते बुजवायचं आणि पुढचं फोडायचं. पाय घोट्यापर्यंत चिखलात, पाठ वाकलेली आणि डोळा सतत पाण्याच्या टोकावर. दुपारपर्यंत भिंगरीच्या तळहातांना फोड आले. चेअरमन बांधावर छत्री उघडून बसले होते. ते तिला वळण लावत होते. माणूस चुकतोच, असं त्यांनी सांगितलं. पण चुकलं की लपवायचं नाही, सरळ हात वर करायचा. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की भिंगरी पाण्याकडे बघत बघत ओठांनी त्यांच्याबरोबर म्हणू लागली.

वार संपायला आला. चेअरमन दार लावायला उठले आणि सवयीने त्यांची चप्पल तुटली. ते वाकून अंगठा चाचपू लागले. भिंगरी फावड्यावर हनुवटी टेकून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ती नुसती बघत होती, वर्गात कधी बघितलं नसेल इतक्या लक्षपूर्वक. चेअरमनने थोडा वेळ चप्पल हातात धरली. मग ते अनवाणी गेले आणि दार लावून आले.

"नीट बसलं का दार?" भिंगरीने विचारलं.

"बसलं," चेअरमन म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच वेळेवर दार लावल्यामुळे त्यांना जरा अशक्त वाटत होतं.

पुढे असंच चाललं. पाटकऱ्याला स्वतःच्या शेतात पोटात कळ आली. भिंगरीने लगेच विचारलं की काका, तुम्ही बसा, दार मी लावून येऊ का. कळ थांबली. चक्कीवाल्या काकूंना दार लावायच्या वेळी दळण आठवलं. भिंगरी म्हणाली, दळण मी बघते. काकूंनी तिच्याकडे बघितलं, मग पाण्याकडे बघितलं आणि म्हणाल्या की दळण काही पळून जात नाही. घराघरात रात्री बायका नवऱ्यांना विचारू लागल्या की आपले शेवटचे दोन वाफे कोरडे कसे. नवरे सांगायचे, पोरगी होती ना. यावर बायकांना काही बोलता येईना, कारण सभेत त्यांनीही माना डोलावल्या होत्या.

मास्तर रोज संध्याकाळी बांधावर यायचे. दारं धरता धरता भिंगरीने पाढे म्हणायचे, नद्या सांगायच्या, शुद्धलेखन तोंडी करायचं. पाढा अडला की तिचं फावडंही अडायचं आणि वाफा फुटायचा. म्हणून ज्याचा वार असेल तो शेतकरी खालून हळूच उत्तर पुरवायचा. हंगामाच्या मध्यावर अर्ध्या गावाचे पाढे पक्के झाले होते.

कामाच्या मधल्या सुट्टीत तिला प्रत्येक घरी जेवण मिळे. वळण लावायचं तर उपाशी पोटी लागत नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. गालांवर मांस आलं. हातांचे फोड फुटले आणि तिथे घट्टे पडले. आत्या रात्री ते घट्टे अंगठ्याने चाचपून बघायची आणि विचारायची की आज कोणाकडे होतीस, काय म्हणाले, बाईंना सांगण्यासारखं काही घडलं का. घरातल्या एकुलत्या एका खुंटीला तिने भिंगरीचा चांगला ड्रेस परीक्षेसाठी धुऊन टांगला होता. वारा आला की तो हलायचा आणि आत्याला उगीचच वाटायचं की पोरगी निघाली.

एकदा पुलावरची पोरं मोटारसायकल घेऊन आली ती थेट चक्कीच्या दारात. भिंगरी आत पोतं धरून उभी होती. पोरांनी बाहेरून शीळ घातली आणि एक सोपं काम आहे म्हणून सांगितलं. भिंगरीने मान वर केली. काकूंनी ते पाहिलं आणि त्यांचा हात चक्कीच्या पट्ट्यावर थांबला. काकू रागावल्या नाहीत. त्यांनी पोरांना आत बोलावलं आणि सांगितलं की पोती उतरवायचीत, जेवण मिळेल, शिवाय संध्याकाळी मास्तर पाढे घेतात. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मोटारसायकल चालू केली. त्यातलं एक मात्र पुढे जाऊन उतरलं आणि पायी परत आलं. जेवण काय आहे, असं त्याने विचारलं. काकूंनी त्याच्या हातात पोतं दिलं. भिंगरीने त्याला सातचा पाढा विचारला. तो आला नाही, तेव्हा तिला फार बरं वाटलं.

आणि मग एका सकाळी आत्याच्या वाराला पाणी आलं.

आत्याला ते खरं वाटेना. नेहमीसारखी ती डबे आणि काठी घेऊन निघाली होती. पाटात आधी वाळकी पानं हलली, मग एक बेडूक घाईने वर चढला आणि त्याच्यामागून पाणी आलं. गढूळ, फेसाळ, पाटभर. त्याच्या कडेने भिंगरी पळत येत होती, हातात फावडं, तोंडाने पाढा. आत्याने डबे खाली ठेवले आणि ती पाटात उतरून नुसती उभी राहिली. पाणी तिच्या पोटऱ्यांना लागून पुढे जात होतं. तिने वाकून खांद्यावर ओंजळभर घेतलं.

गावात चर्चा झाली. पाटकऱ्याचं मत पडलं की वरून पाणी जास्त सोडलं असणार. मास्तरांना वाटलं की जमीन यंदा कमी पितेय. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते सांगायचं म्हणजे आधीच्या वर्षांचंही सांगावं लागलं असतं.

परीक्षेचा दिवस उजाडला. पाणी चेअरमनकडे होतं आणि सकाळीच त्यांचा वार संपत होता, म्हणजे नियमाप्रमाणे भिंगरीही तिथेच हवी होती. पण आत्याने तिला सोडलं नाही. तिला न्हाऊ घातलं, नखांतला चिखल काडीने काढला, वेणी इतकी घट्ट घातली की पोरीचे डोळे तिरके झाले. मास्तर दारात बसून शेवटची उजळणी घेत होते. त्यामुळे त्या सकाळी, हंगामात पहिल्यांदा, चेअरमन पाण्याजवळ एकटेच होते.

बाईंची जीप गावाच्या तोंडाशी आली आणि चिखलात रुतली. रस्त्यावरून पाणी वाहत होतं. पाटाचा काठ ऐन त्याच जागी पुन्हा फुटला होता. बाई सँडल हातात घेऊन, साडी पोटऱ्यांपर्यंत उचलून गोदामापर्यंत चालत आल्या. चेहरा प्रसन्न होता, पण रस्त्याने येताना त्यांनी काय काय बघितलं असेल ते गावाला कळत नव्हतं. गोदामात सगळे जमले होते. बाईंनी पाय पुसले, खुर्चीवर बसल्या, खुर्ची जराशी फिरली. त्यांनी विचारलं की दार कोणी उघडं ठेवलं.

सगळ्या माना सवयीने भिंगरीकडे वळल्या. वळल्यावर लोकांना आपलीच लाज वाटली, पण तोवर बाईंनी ते पाहिलं होतं. आत्याने भिंगरीचं मनगट धरलं. कोर्टात धरलं होतं तस्संच. ती म्हणाली की पोरगी सकाळपासून घरात आहे, मास्तरांना विचारा. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की तो मागच्या लोकांना ऐकूच गेला नाही.

भिंगरीने चेअरमनकडे पाहिलं. त्यांची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. पायात एकच चप्पल होती. दुसरी त्यांच्या हातात होती, पट्टा तुटलेला.

"उघडं कोणी ठेवलं ते मला माहीत नाही," भिंगरी बाईंना म्हणाली. "पण ज्यांनी ठेवलं ते हात वर करतील. चेअरमनकाकांनी शिकवलंय आम्हाला. माणूस चुकतोच, पण लपवायचं नाही."

हे तिने पाढा म्हणावा तसं एका सुरात म्हटलं. चेअरमन गोदामाच्या आढ्याकडे बघू लागले. आढ्यात काही नव्हतं. आत्या त्यांच्याकडे बघत होती.  मग चेअरमनचा हात वर गेला. चप्पल त्याच हातात होती, त्यामुळे आधी चप्पल वर गेली आणि मागून हात.

"चप्पल तुटली," ते म्हणाले. "म्हणजे तुटली नव्हती. मी तोडली. पोरगी नव्हती ना आज."

बाई काही म्हणणार तेवढ्यात पाटकऱ्याचा हात वर गेला. त्याने जाताना ते पाहिलं होतं आणि तो काही बोलला नव्हता. मग चक्कीवाल्या काकूंनी हात वर केला. त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, आजचं नाही, मागच्या वर्षीचं आहे, पण आता संधी आहे तर करून टाकते. मग मागच्या रांगेतले हात वर गेले, मग मधल्या. बाहेरून आलेल्या माणसाला वाटलं असतं की एखादा ठराव एकमताने मंजूर होतोय. मास्तरांकडे शेतच नव्हतं. तरी इतक्या हातांत आपलाच खाली बरा दिसत नाही म्हणून त्यांनीही अर्धा वर केला.

बाईंनी भिंगरीला जवळ बोलावलं आणि तिचे तळहात उलटून बघितले. शाळेत परत जाशील का, असं विचारलं. भिंगरीने सांगितलं की शाळा सुटल्यावर पाण्यावर यायचं असेल तर जाईन. मास्तर पुढे सरकले आणि म्हणाले की आता परीक्षा सुरू करायला हरकत नाही, मुलीची सगळी तयारी झाली आहे.

"कसली परीक्षा?" बाईंनी विचारलं.

पाटकऱ्याने अभिमानाने सांगितलं की बाई, तुमच्या हुद्द्यातच आहे. तेव्हा बाईंनी हळू आवाजात खुलासा केला की त्यांचा हुद्दा परिवीक्षा अधिकारी असा आहे. परिवीक्षा म्हणजे देखरेख. परीक्षेशी तिचा काही संबंध नाही. कोणी पाढे विचारणार नव्हतं. मास्तर मटकन खाली बसले. सबंध गाव हंगामभर पाढे म्हणत होतं.

"पण राहू दे," बाई म्हणाल्या. त्यांना हसू येत होतं आणि त्या ते पदराने पुसत होत्या. "तुम्ही घेतलीच आहे परीक्षा, तर निकालही सांगून टाकते. मुलगी पास. ती इथेच राहील, आत्याकडे. गाव नापास. पुढच्या हंगामात पुन्हा बसावं लागेल."

आत्याने मनगट सोडलं. तिथे तिच्या बोटांचे पांढरे ठसे उमटले होते, ते हळूहळू भरत आले. चेअरमनने विचारलं की पुन्हा बसायचं म्हणजे नेमकं काय करायचं. बाई म्हणाल्या, जे करत होता तेच. आज सकाळचं सोडून. मग सगळ्यांनी मिळून जीप ढकलली. जीप सुटताना जो चिखल उडाला तो बहुतेक चेअरमनच्या वाट्याला आला. तोही त्यांनी आपल्यालाच यायला हवा होता अशा चेहऱ्याने पुसून घेतला.

पुढच्या आठवड्यात आत्याचा वार आला. पाणी वेळेवर आलं. भिंगरी शाळेतून तशीच शेतावर आली, दप्तर बांधावर टाकलं आणि दारं धरू लागली. कांद्याची पात हिरवी, टणक झाली होती. ऊन कलेपर्यंत सगळे वाफे भिजले. वार संपला. आत्या दार लावायला गेली आणि दारापाशी जरा थांबली. पाणी असं भरून चाललं होतं. आत्याने पदर नीट केला. केस नीट केले. मग तिला पायात काटा मोडल्यासारखं वाटलं आणि ती खाली बसली.

थोड्या वेळाने तिने मान वर केली. भिंगरी फावड्यावर हनुवटी टेकून बघत होती.

"काय बघतेस गं?" आत्या म्हणाली.

"काही नाही आत्या. लक्ष आहे."

आत्या पुटपुटत उठली आणि तिने दार लावलं.